बाशिंग

कलमांची वही माझ्याकडे असते.
एकशे बारा कलमं, नऊ रायवळ,
आणि बांधावरचा एक फणस, जो दादा मोजत नाही.

नवरात्र सरलं की न्हानू येतो,
कमरेला आकडी, आकडीत कोयता,
बांडगुळं उतरवायला.
फांदीसकट तोडावी लागतात ती.
सालीखाली तोंड घालून
झाडाचंच पाणी पीत असतात.
खाली पडतात तेव्हा अंगावर केशरी फुलं असतात,
आणि सुंदर असतात, खोटं कशाला बोलू.

बाशिंगाला मात्र तो कोयता लावत नाही.
दादा खालून ओरडला, झाड कसं चकचकीत पाहिजे.
न्हानू वरून म्हणाला,
"तां झाडार रवता, झाडाचां खायत नाय."
आणि पानांच्या बेचक्यात हात घालून
मूठभर माती त्याने माझ्या पदरात टाकली.
काळी, ओलसर,
जमिनीपासून तीन पुरुष उंचीवर तयार झालेली माती.
तिच्यात मोहराची काडी होती, मुंग्यांचे पंख,
कावळ्याने बंदरावरून आणलेलं कोळंबीचं साल.

मग मी बघायला लागले.
त्याला पानं दोन तऱ्हेची.
एक लांब, हिरवं, कातरलेलं, पावसापुरतं.
शिमग्याला त्याचा नुसता कणा उरतो, दात पडलेल्या फणीसारखा.
दुसरं आखूड, बिनदेठाचं,
उगवल्यावर थोड्याच दिवसांत तपकिरी होतं
आणि मेल्यावरही जागा सोडत नाही,
खोडाला पाठ टेकून ओंजळ धरून बसतं.
वरून पडेल त्यावर त्याचं चालतं.
बुडाशी मुळी सरकत असते,
खारीच्या शेपटीसारखी लव तिला.
साल धरते, सालीत शिरत नाही.

फूल नाही. बी नाही.
पानाच्या पाठीवर नुसते तपकिरी ठिपके, ओळीने,
वाऱ्याला दिले की दिले.
आणि अशाला नाव ठेवलं लग्नातलं.

वहिनी एकदा भांडणात बांडगूळ म्हणाली होती.
कोणाला, त्याचा वहीत रकाना नाही.

मार्गशीर्षात न्हानू पडला,
समुद्राकडच्या रायवळावरून.
देवगडला नेला, प्लास्टर झालं, प्लास्टर निघालं,
गुडघा वाकेना.
आनशी घाडीण आली, दाबून बघितलं,
म्हणाली, "बाशिंगाची मुळी हाड."
आमच्याकडे हाड म्हणजे आण,
आणि हाड म्हणजे हाडही.

चढणारा माणूस तर खाटेवर.
सत्तेचाळिसाव्या वर्षी मी शिडी लावली, फणसाला,
कारण तो मोजलेला नव्हता.
आनशीने बजावलं होतं, अर्धी काढ, अर्धी ठेव.
मुळी नखाखाली मऊ लागली,
जिवंत जनावराला हात लावावा तशी.
क्षणभर मी दचकले.

तांदळाच्या धुवणात वाटून,
वर उंडलाचं पान ठेवून
तिने ती बांधली आणि गाठ मारली,
तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं.
गुडघ्याला बाशिंग!
पडवी हसून हसून लोळली.
अठ्ठावन्न वर्षांचा बिनलग्नाचा न्हानू
पायाकडे बघत म्हणाला,
"इतकी वर्सां थांबलंय, आता खंयची घाई."
त्यावर हसणारी मी शेवटची,
आणि थांबणारीही.

गुडघा वाकला.
मुळीने वाकला, प्लास्टरने, की नुसत्या दिवसांनी,
ते मी लिहून ठेवलेलं नाही.
चढत मात्र नाही तो आता.
खाली उभा राहून नव्या पोराला बोटाने दाखवतो,
ह्यां तोड. तां नको.

वहीत यंदा लिहिलं:
बांडगुळं एक्केचाळीस, उतरवली.
बाशिंग, राहतं.
दादाने वाचलं. खोडलं नाही.

फणसावर मी खरवडलं होतं त्या जागी
श्रावणात एक नवं पान आलं होतं,
तळहाताएवढं, ओंजळीचं.
शिडी अजून तिथेच होती.
चढून पाहिलं तेव्हा ते हिरवं होतं,
आत एकच फणसाचं वाळकं पान,
आणि थोडं पाणी.