साडेआठ

दांडा सहाच्या काट्यावर थांबायला हवा.
गड्ड्याच्या जत्रेपर्यंत थांबायचा.
मग पाचावर जाऊ लागला, आता चाराकडं सरकतो,
आणि एवढं आवळूनही कॉफी कडेनंच उतरते:
अर्धी कपात, अर्धी ट्रेमध्ये,
उरलेली माझ्या बनियनवर.

महानंदा चहाचं आधण ठेवते.
"दमलं असेल," म्हणते, माझ्याकडं न बघता.
दमलेली माणसं मी बावीस वर्षं बाकावर बसवली,
नंबर देऊन.
ती अशी फुसफुसत नाहीत.

डॉक्टर बोरामणीकरांनी दवाखाना आवरला
तेव्हा मशीन माझ्या हातात दिलं.
"तूच पुसायचास, तूच ने."
ग्रॅच्युइटीचा शब्द मी काढला नाही,
त्यांनीही नाही.
रिक्षात मांडीवर घेऊन आलो, सात रस्त्यावरून,
उतरलो तेव्हा पाय बधिर.

परवा रात्री ते उलटं केलं, जुन्या चादरीवर.
जाळीचा स्क्रू हलेना.
चार दिवसांआड येणारं, पिंपात मुरलेलं आपलं पाणी
आत पांढरं होऊन बसलं होतं,
दातावरच्या कीटणासारखं.
कोमट पाण्यात लिंबूसत्त्व, त्यात भिजवलेला कापूस.
ही सवय दवाखान्यातली:
जे हलत नाही त्यावर ओला कापूस ठेवायचा
आणि झोपायचं.

सकाळी स्क्रू आला. रबर नाही.
रबर कसलं, कोळसा.
आर्टरी फोर्सेपनं ओढून काढलं,
एकेक तुकडा वर्तमानपत्रावर टक्क वाजला.
सगळे जुळवून गोल केला तर एक कमी.
तो अजून आत असेल,
किंवा केव्हाच पिऊन झाला असेल.

स्टोव्ह-कुकर दुरुस्तीवाल्यानं हात झटकले.
"मुंबईहून मागवा, महिना लागंल."
मी कुकरचीच रिंग कापून बसवली,
ती पहिल्याच वाफेला
जीभ दाखवत बाहेर आली.

मग साखर पेठेत, नरसय्या दुडम.
एकेकाळी बारा माग होते त्याचे.
आता मागाचे सुटे भाग विकतो,
ज्यांचे अजून चालतात त्यांना.
दुकानात खडखडाट नाही, तरी बोलतो ओरडूनच.
कोळशाचे तुकडे त्यानं तळहातावर घेतले,
व्हर्नियर लावला, एकदा, पुन्हा एकदा,
आणि प्रथमच हळू आवाजात म्हणाला,
"एनिमिदिन्नर."
"किती?"
"साडेआठ! तुझ्या कुकरची पाच. कशी टिकंल?"

मी म्हणालो, पिण्याचं काम आहे, तेलकट रबर नको.
त्यानं माझ्याकडं असं पाहिलं
जसं मी पाहायचो
सुई नवीन आहे ना, असं विचारणाऱ्याकडं.

सिलिकॉनची पांढरी शीट. कंपासला बांधलेलं पातं.
आधी बाहेरचं वर्तुळ, मग आतलं,
तेवढा वेळ श्वास धरलेला,
त्यानंही, मीही.
वीस रुपये. सुट्टे निघाले पंधरा. चालले.

आता नवी रिंग आत आहे
आणि दांडा सातावरच अडतोय.
नवं आहे, बसेल हळूहळू, मी म्हणतो,
पण जोर लावला की मशीनच फिरतं ओट्यावर.
शेवटी महानंदानं गॅस बारीक केला,
पदर खोचला, दोन्ही हातांनी मशीन धरलं
एखाद्या पोराला इंजेक्शनसाठी धरतात तसं.
मी दांडा ओढला. बटण दाबलं.

पंपाचा आवाज. कपात काळी धार.
कडेला काही नाही.
काही नाही.
"तो बघ," ती म्हणाली, "एक थेंब."
दोघं वाकलो, डोकी आपटली,
थेंब रिंगेखाली लोंबत होता,
मोठा होत नव्हता, पडतही नव्हता,
आणि आम्ही तसेच, मान वाकडी करून,
मागं चहा उतू जाऊन
गॅस विझला तरी.