गुरुवार, चौथा तास

दर जूनमध्ये मी शाळा पेन्सिलीने काढते.
आलेखाच्या कागदावर आडवे आठ तास, उभे सहा वार.
खोडरबराचा चुरा फुंकताना
एखादा भूगोल उडून जातो
आणि शुक्रवारी सापडतो.

गेल्या वर्षी सगळं संगणकात घातलं होतं.
तो म्हणाला, शक्य नाही.
ते मलाही ठाऊक होतं,
पण मला सोमवारी शाळा भरवायची होती.

एक प्रयोगशाळा, दोन माध्यमं.
गुजरातीवाले लंबक हलवून जातात,
तो थांबायच्या आत हिंदीवाले आत.
मराठी माध्यम मिटलं; मराठी विषय तेवढा उरला,
ऐच्छिक,
यादीत संगणक आणि चित्रकलेच्या खाली.

या चौकटींत मी काय काय लपवलंय
ते मुख्याध्यापकांना माहीत नाही.
कानजी भरवाड पहाटे चारला उठून दूध घालतो
आणि पहिल्या तासाला झोपतो,
म्हणून अकरावी 'क'ला पहिल्या तासाला पी.टी.
शुक्रवारी दीड ते अडीच कधीच प्रॅक्टिकल नाही:
मुबश्शिराचे भाऊ आणि ताहेर
मशिदीतून परत येईपर्यंत आम्ल कुणी उघडत नाही.
शनिवारचा शेवटचा तास ग्रंथालयाचा.
तिथून हळूच निघून
सविता राठवा कवांटची बस पकडते.
पुस्तक तिच्याबरोबर जातं, सोमवारी परत येतं,
कधी त्यात महुआचं फूल असतं, वाळलेलं, चपटं.

यंदा गाठ बसली ती एका अर्जापाशी.
लिपिका बेहेरा, अकरावी वाणिज्य, मकरपुरा.
ऐच्छिक विषय: मराठी.
नियम म्हणतो किमान दहा विद्यार्थी.
शिर्के, कदम, दोन्ही मोहित्यांनी संगणकावर खूण केली होती.
(माझ्या मुलानेही, त्याच्या शाळेत.
मीच सही केली.)

मी तिला बोलावून विचारलं, का गं?
ती म्हणाली, बेन, घरमालकीण मराठीत भांडते.
माँला काही कळत नाही, ती नुसती हसते.
मग त्या आणखी चिडतात.

मी फळ्यावर एक शब्द लिहिला, वाच म्हटलं.
हिंदीच्या पोरांची जीभ तिथे नेहमी घसरते,
वीस वर्षांत मी शेकडो 'नल' ऐकलेत.
ती म्हणाली, नळ.
जिभेचं टोक मागे वळवून, स्वच्छ,
माझ्या आत्यासारखं.
'आमच्याकडेही नळच म्हणतात, ओडियात.'
दाराशी उभा कानजी म्हणाला, आमच्यातही.
आणि तिघेही आम्ही त्या अक्षराकडे बघत राहिलो
जसं लग्नात अचानक कळावं
की समोरचा आपल्याच नात्यातला.

मुख्याध्यापक म्हणाले, एका मुलीसाठी तास?
मी म्हटलं, तास नाहीच तो.
खरंच नव्हता. गुरुवारचा चौथा तास
अकरा वर्षं मी स्वतःला राखून ठेवलेला,
चहा, आणि कपाटाआड पाय वर घेऊन पाच मिनिटं.
वेळापत्रकात ती चौकट रिकामी आहे,
या वर्षीही. शाईने पक्कं केलं तेव्हा
मी तिथे काहीच लिहिलं नाही.

बोर्डाच्या परीक्षेला तिचा विषय संगणकच लागेल.
आणि मी गणित शिकवते, व्याकरण मला धड येत नाही.
धडा पहिला आम्ही नळापासूनच सुरू केला:
ही बादली कुणाची?
आमची पाळी आहे.
पाणी गेल्यावर मग काय करायचं, सांगा.
कपबशी दोघींत एक. ती बशी घेते.

तिसऱ्या गुरुवारी ती धावतच आली.
बोललीस? मी विचारलं.
बोलले, अख्खं वाक्य.
मग? काय म्हणाल्या?
म्हणाल्या, बोलतेस बरी,
पण भांडताना इतकं हळू नसतं बोलायचं.