हू-च्या आधी

मसुदा वकिलांचा. मी फक्त टाइप करतो.
पणजीत, निबंधकाच्या कचेरीसमोर,
दुसऱ्या मजल्यावर माझं टेबल
आणि टेबलापुढे दिवाडीची उबाल्दिना,
वय एक्याऐंशी, छत्री मांडीवर आडवी.

मृत्युपत्राचं चौथं कलम मी तिला वाचून दाखवतो:
माय सन्स हू लिव्ह इन दिवार.
घर त्यांना. म्हणजे घराचा तेवढाच अर्धा
जेवढा कायद्याने तिच्या हाती सोडलाय.
"कोंकणींत सांग मरे."
इथे मी अडलो.

दिवाडीत राहणारे माझे मुलगे.
हे मराठीत काय, कोकणीत काय,
एका दमात निघून जातं. कोणी हटकत नाही,
की राहतात तेवढेच,
की आहेत ते सगळेच, आणि राहतात तिथे.
आपल्याकडे चा, ला, त, णारे
शब्दाला धरून असतात, खडपाला कालवं धरतात तशी;
सोडवायचं तर सुरी लागते.
इंग्रजीत शब्द सुटे उभे.
कोण कोणाच्या पाठी उभा, एवढंच नातं.
जागा सोडली की गेलं.

साखळीच्या शाळेत पर्येकर मास्तर
हू-च्या आधी खडूने एक शेपटी काढायचे
आणि पुढे, जरा लांब, दुसरी.
एकच घातलीत तर मार खाल, म्हणायचे,
फेरीबोटीला दोन्ही काठांवर धक्का लागतो.
आणि दोन घातल्यात, तर मधलं सगळं
उचलून बाहेर ठेवता आलं पाहिजे,
वाक्य न हलता.

म्हणून विचारलं: मुलगे किती?
तीन.
सांतान आणि पेद्रू घरी. खाजनाची मानस सांतान बघतो,
भरतीला दार लावतो, ओहोटीला उघडतो.
पेद्रू पितो, पण घरीच.
इनास स्विंडनला, गोदामात, रात्रपाळी.
डिसेंबरात येतो.
यायचा.

मग मी पेन्सिल घेऊन समजावत बसलो:
शेपट्या नसल्या तर घर दोघांचं.
शेपट्या घातल्या तर तिघांचं,
आणि दिवाडीत राहतात ही नुसती जाता जाता सांगितलेली गोष्ट,
इनासपुरती खोटी,
पण तो कज्जा वेगळा.
बांधासारखं समजा, बाय, दोन बाजूंना दोन बांध,
आतलं काढून टाकलं तरी...

"बांद काडल्यार शेत उरता?"

तिने खारं पाणी आत शिरलेलं पाहिलंय.
तीन वर्षं भाताचा दाणा नव्हता, म्हणाली,
आणि पुढे काही म्हणाली नाही.

वकिलांना फोन लावू? नको.
मग नावं घालू या. नावांना हू लागत नाही.
तिने अंगठ्याने बोटांची पेरं मोजली,
सांतान, पेद्रू,
आणि तिसऱ्या पेरावर अंगठा नुसता ठेवून दिला,
उचललाही नाही, दाबलाही नाही.

खाली कोणीतरी स्कूटर किक मारमारून दमला.

मग तिने वाक्य स्वतःच म्हणून पाहिलं,
मी वाचलं तसं, इंग्रजीतच,
लहानपणी चर्चमध्ये लॅटिन म्हणत असेल तशी,
अर्थाशिवाय आणि अचूक:

माय सन्स

थांबली.

हू लिव्ह इन दिवार

पुन्हा थांबली.

दोन मजले चढून आलेली बाई. दमा आहे,
पिशवीत पंप दिसत होता.
मी ऐकले ते स्वल्पविराम होते की धाप,
हे कोणत्याही न्यायालयात मला शपथेवर सांगता येणार नाही.

रायबंदरच्या धक्क्यावर गर्दी होईल म्हणून ती उठली.
सोमवारी सही करते म्हणाली.
छत्री इथेच.

मसुदा मी अजून छापलेला नाही.
पेन्सिलीचे दोन ठिपके आहेत त्यावर,
सन्स-नंतर एक, दिवार-नंतर एक,
इतके फिकट
की झेरॉक्समध्ये उमटायचे नाहीत.