तफावत शून्य

पहिल्या तारखेला फ्रीजरजवळ उभं करून माझा फोटो काढला.
मागे गोठलेले मटार, बाजूला मॅनेजर आहेरसर,
त्यांचा हात माझ्या खांद्यापासून चार बोटं लांब, सभ्यपणे.
सर्टिफिकेटवर मंदाकिनी बागूल,
आमच्यात 'गु' ऱ्हस्व लिहितात, पण असो.
अकरा महिने, कॅशमध्ये तफावत शून्य.
सोबत पाचशेचं कूपन,
तेल, साखर आणि तूरडाळ वगळून.

फोटो टांगलाय माझ्याच पाठीमागे,
काउंटर तीनच्या वर.
गिऱ्हाईक आधी तिला बघतं, मग मला,
जशी पाचशेची नोट आपण उजेडाकडे धरतो.
मला ती दिसत नाही.
दिवसभर माझ्या मानेमागे कुणीतरी हसत असतं.

पोरगा म्हणाला, शून्य मिळालं म्हणून बक्षीस?
आमच्या शाळेत उलटं असतं.
हे काहीच बोलले नाहीत.
अंबडहून नाइट शिफ्ट करून येताना
पाथर्डी फाट्यावर थांबून
सर्टिफिकेट लॅमिनेट करून आणलं.
आत एक मुंगी अडकलीय,
तारखेच्या थोडी खाली.

सर्टिफिकेटवर मावलं नाही ते मीच सांगते.
ते चष्मेवाले काका दोन पिशव्या दूध न्यायचे.
दिवाळीनंतर एकच नेतात.
मी अजून विचारलेलं नाही, "आज एकच?"

बुधवारी माझी सुट्टी, आणि गोदाघाटावर बाजार.
युनिफॉर्म नाही, केस ओले, पायात घरातल्या चपला.
मेथीवर पाणी मारता मारता एक बाई एकदम म्हणाली,
"तुम्ही त्या मॉलमधल्या ना? तीन नंबरच्या?"
फोटो बघितला असेल तुम्ही, मी म्हटलं.
"कसला फोटो?"

शाळा उघडायच्या आठवड्यात आली होती म्हणे,
पोराला डबा, बाटली, सहा वह्या.
एकशे सत्तर रुपये, सगळी चिल्लर,
दुधाच्या रिकाम्या पिशवीत गाठ मारून.
मागे रांगेत कुणीतरी च्यक् केलं होतं.
"आन् तुम्ही मोजलीबी नाही, ताई.
तशीच गल्ल्यात लोटली.
माझं पोरगं होतं संगं. त्यानं पाह्यलं."

मी काही बोलले नाही.

मोजली होती.
पाचाची पाचांत, दोनाची दोनांत, अंगठ्याने सरकवत,
नजर पोराच्या दप्तरावर ठेवून,
"कितवीत रे तू?" असं विचारत.
त्याचं "चौथीत" येईपर्यंत
एकशे सत्तर झाले होते. बरोबर.
या नोकरीत मी एवढंच शिकले,
मोजायचं,
पण समोरच्याला मोजल्यासारखं वाटू द्यायचं नाही.

तिने पिशवीत कोथिंबीर टाकली, न तोलता.
वर बळंच दोन लिंबं.
मी नको म्हटलं,
नको म्हणावं लागतं तेवढंच.

निमाणीहून बस सुटली.
खिडकीशी बसून सवयीने सुटे मोजले,
दहा रुपये जास्त.
परत मोजले. दहाच.
चुकून आले की जाणून,
तिच्या हातांवरून काही कळलं नव्हतं.
पैसे देताना तीही
भलतीकडेच बघत होती, घाटाच्या पायऱ्यांवर,
आणि मला विचारत होती, "पोरं किती तुम्हाला?"

नोट पर्सच्या वेगळ्या कप्प्यात ठेवलीय.
पुढच्या बुधवारपर्यंत
तफावत दहा.