फ्यूज कितीचा

नाव लाडा, पण लाड म्हणून तिच्यात कुणाचे झाले नाहीत.
एकोणनव्वद सालची, विटकरी रंगाची,
केमियार्वीच्या लाकूड गिरणीतल्या बोनसवर बाबांनी घेतलेली.
हिवाळ्यात अंगणातल्या खांबावरून वायर ओढून
ते रोज तिच्या इंजिनला ऊब द्यायचे,
पहाटे चारचा टायमर लावून,
उणे तीसमध्ये पहिल्या किल्लीला सुरू व्हावी म्हणून.
आम्हा पोरींना मात्र: जाड पँटी घाला.

किट पोस्टानं आलं. चार पातळ गाद्या, दोन बटणं, एक रिले,
आणि एक कागद, ज्यावर कुठल्याच भाषेत धड काही नव्हतं.
शेजारचा एस्को म्हणाला, गॅरेजात दे, तीनशे युरोत होईल.
गाडी तरी तेवढ्याची आहे का, म्हटलं.

सीटला चार बोल्ट. तीन मुकाट निघाले.
चौथा, मागचा डावा, बाबांवर गेलेला.
त्याला तेल पाजलं, रात्रभर विचार करू दिला,
सकाळी पान्याला पाइप जोडून लोंबकळले,
शिव्या घातल्या (त्यांच्याच; मला दुसऱ्या येत नाहीत),
तेव्हा कुठे तो कण्हला.

सीटा स्वयंपाकघरात आणून टेबलावर उलट्या घातल्या.
खोळीच्या कड्या पक्कडीनं एकेक उघडताना
आईच्या बाजूला सापडली हेअरपिन
आणि एक मार्क, आता कुठल्याच दुकानात न चालणारा.
बाबांच्या बाजूला नुसता भुसा.
वास घेऊन पाहिला. काही नाही.
तरी झटकला नाही. गादी त्याच्यावरच चिकटवली.

लाल वायर, किल्ली फिरवल्यावर जिवंत होणाऱ्या टोकाला.
काळी, उघड्या पत्र्याला.
पत्रा शोधायला खरवडत बसले:
गंज, गंजाखाली गंज, त्याखाली आणखी जुना गंज,
मग नखाएवढं काहीतरी चमकलं.
पहिला फ्यूज टपकन गेला.
चूक शोधायला दोन दिवस. चूक माझीच.

मंगळवारी रोव्हानिएमी, डोळ्यांचा डॉक्टर.
आता ते आईच्या बाजूला बसतात.
मी काही सांगितलं नाही. कळेल आपोआप.
गावाबाहेर पडल्यावर हळूच बटण दाबलं.

सातव्या किलोमीटरला ते गप्प झाले.
गप्प ते असतातच; हे गप्प वेगळं.
हात मांडीखाली सरकला, परत आला.
टोपी काढून मांडीवर धरली, दोन्ही हातांनी,
आणि खिडकीबाहेर बघत राहिले
जिथं बघण्यासारखं काही नव्हतं.
मानेवर लाली चढलेली.

मग मला ऑक्टोबर आठवला. बँकेतली रांग,
त्यांची करडी पँट, तिच्यावर पसरत गेलेला डाग,
आणि ज्याबद्दल आम्ही दोघंही आजवर बोललेलो नाही.

बाबा, म्हटलं, ती सीट आहे. सीट तापते. मी बसवलंय.
हे बघा, बटण.

बटणाकडे त्यांनी पाहिलं नाही.
हात पुन्हा खाली गेला, सावकाश,
तपासून वर आला. कोरडा.
पुढे रस्त्यात एक रेनडिअर उभा होता, कसलीच घाई नसलेला.
गाडी थांबवली. आम्ही तिघं थांबलो.

"फ्यूज कितीचा?"
"पंधराचा."
"वायर?"
"हँडब्रेकच्या बाजूनं. कार्पेटखालून."
"घासेल."
"वर नळी चढवलीय."
"हं."

आमच्या घरात एवढा 'हं'
लग्नातल्या भाषणाइतका लांब समजतात.

टोपी परत डोक्यावर गेली.
पुलापाशी त्यांनी विचारलं, एस्कोनं मदत केली का.
नाही, म्हटलं. त्यावर काही बोलले नाहीत,
फक्त जरा मागे रेलले.

हॉस्पिटलच्या दारात मी किल्ली फिरवली.
इंजिन थांबलं, बटणावरचा दिवा विझला.
बेल्ट न सोडता ते बसूनच.

"उतरायचं ना?"

"थांब," म्हणाले,
"अजून आहे थोडी."