रकाना सात

बँकेच्या अर्जात सातवा रकाना:
व्यवसायाचा पूर्वेतिहास, थोडक्यात.
खाली ठिपक्यांच्या तीन ओळी.

पहिल्या ओळीवर मी लिहिलं,
आजोबा, कै. भिकाजी सगुण कुबल, रापणकर, मु. निवती.
आणि पेन उचललं.

कारण रापणीतला त्यांचा वाटा
टोपलीभर तारल्यांवर आला, त्या वर्षीही
त्यांनी होडी विकली नाही.
ओढत आणली माडाखाली,
भेगांत काथ्या ठासला, वर राळ,
आणि विहिरीचं पाणी भरलं आत.
तीस वर्षं पाणी बाहेर ठेवलेलं लाकूड
चार दिवस गळत राहिलं.
मग फुगलं. समजलं त्याला.

मासे फुकटचे होते.
हिवतापवाल्याने डासांसाठी विहिरीत सोडलेले गप्पी.
त्यातल्या एकाची शेपटी किरमिजी निघाली.
तेवढंच.

वाडी बघायला आली.
"खावचे नाय? मगे कित्याक?"
आजोबा म्हणाले, "बघूक."
यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं.

फायटर आणले ते गुणा आत्याने.
नवरा गेल्यावर ती माहेरी परतली
एक ट्रंक आणि लोणच्याच्या अकरा बरण्या घेऊन.
बरणीत एकेक नर, वर बदामाचं वाळकं पान,
पाणी कोऱ्या चहासारखं.
एकमेकांना दिसले तर भांडून मरतील
म्हणून दोन बरण्यांमध्ये लग्नपत्रिका उभ्या.
अख्ख्या पंचक्रोशीची लग्नं
त्या फळीवर मासे आवरत होती.

बाबांच्या काळात विहिरीच्या रिंगा आल्या,
ऑक्सिजनचं नळकांडं, रबरबँडची पुडी,
एसटीच्या टपावरून सावंतवाडी, पुढे कोल्हापूर.
कोल्हापूरच्या नदाफांकडून साडेचार हजार येणं आहे.
हे लिहू का?

वाटण्याही झाल्या. अंगणात चुन्याची रेघ.
एंजल घेऊन काका म्हापशाला गेले.
वर्षभराने एसटीचा कंडक्टर
तीन फुगलेल्या पिशव्या देऊन गेला,
आत जोड्या, ठिपकेवाल्या.
चिठ्ठी नव्हती.
बाबांनी पिशव्या अर्धा तास टाकीत तरंगत ठेवल्या.
पाणी पाण्याला जुळेपर्यंत सोडायचं नसतं.

मग ते वादळ.
खांब आडवे, अकरा दिवस वीज नाही.
जनरेटर दुसऱ्या रात्री बंद पडला.
तांबे, मग, कळशी, भाताचं पातेलं,
हाताला येईल त्याने पाणी उचलायचं
आणि उंचावरून परत टाकीत ओतायचं.
आजोबा खाटेवरून, न दिसणाऱ्या डोळ्यांनी
आवाज मोजत होते.
"तिसऱ्या टाकीकडे कोण निजला?
हात थांबवू नुको. पाण्याक पण धाप लागता."

चौथ्या सकाळी आम्ही थांबलो.
माडाच्या बुंध्याशी खड्डा घेतला.
घमेल्यात ते ओले रंग,
आत्या पदर तोंडाशी धरून मोजत होती,
सहा हजारांनंतर तिने मोजणं सोडलं.

एरवी आमच्याकडे बांगड्याशिवाय जेवण नाही.
तीन आठवडे डाळ शिजली.
कुणी ठरवलं नव्हतं.

होडीतले तेवढे वाचले.
उथळ पाणी, वर मोकळं आभाळ,
आणि शेवाळ, जे काढायला मी कंटाळले होते.
आता आहेत त्या चाळीस टाक्या
त्या आळसाच्या पोटच्या.

शेवटी लिहिलं: सन १९८७ पासून.
कौटुंबिक. शोभिवंत मत्स्यपालन.
एक ओळ उरली, ती तशीच ठेवली.

रकाना आठ: तारण.
मी खिडकीतून बाहेर बघितलं.
नाळेवरचं नाव उडालंय, 'प्रसाद' एवढंच उरलंय,
काठावर दिवड ऊन खात पडलेली,
आणि आत्या तिला काठीने नाही,
नुसत्या शिव्यांनी हाकलते आहे.