थाप

ऑगस्टात किनुगावाच्या काठी सावलीसुद्धा घामाघूम असते.
त्या दिवसांत आम्ही स्ट्रॉबेरीची रोपं ट्रकात भरायचो,
सहा हजार, पेट्यांत खेटून,
आणि सासरे, तोमेजिरो, ताडपत्रीला गाठी मारता मारता
म्हणायचे, "चला पोरींनो, थंडी खायला."

निक्कोच्या पुढे घाट.
प्रत्येक वळणाला जुन्या वर्णमालेतलं एक अक्षर,
प्रत्येक अक्षराला काच बोटभर वर.
अर्ध्या वर्णमालेत मी पिशवीतून स्वेटर काढायची,
मागे पानं थरथरायची,
त्यांना अजून काही सांगितलेलं नसायचं.

वर चौदाशे मीटरवर भाड्याचं रान,
काळी भुसभुशीत माती. तिथे लावायचो
आणि खत तोडायचो.
"भरल्या पोटी कुणाला फुलायचं सुचत नाही,"
सासरे म्हणाले.
मी घरात नवी होते. हे मलाही आहे की काय असं वाटून
एक पेटी उगाच जोरात आपटली.

रात्री पारा बाराच्या खाली.
रोप मोजतं म्हणे.
आकडे नाहीत, बोटं नाहीत, तरी गारठ्याचे तास
एकावर एक रचत जातं,
आणि एका पहाटे त्याला पटतं
की उन्हाळा संपला.
खाली आमच्या ओट्यावर तेव्हा
लोक कलिंगड कापत बसलेले असायचे.

सप्टेंबरात शेतकी खात्याच्या कुसाकाबाई यायच्या,
सूक्ष्मदर्शक मांडीवर सांभाळत.
एक रोप उपटायच्या, चांगलं, धडधाकट.
सुईनं पान सोलायचं, मग आतलं पान, मग त्याच्या आतलं,
शेवटी मिठाच्या खड्याएवढा कोंब.
"ये, बघ," म्हणाल्या एकदा.
काचेखाली एक ओला फुगवटा,
त्याच्या कडेनं बारीक टेकाडं, चकाकणारी.
"धरलंय. न्या खाली."
आणि सुई रुमालाला पुसली.

धरलंय का हे कळायला
धरलेलंच एक मारावं लागतं.
मला तिसरा महिना होता,
अजून कुणाला सांगितलं नव्हतं.
घाट उतरताना पोटावर
दोन्ही हात ठेवून बसले.

नाताळात तोक्योतल्या केकांवर आमची फळं लालबुंद.
मे महिन्यातलं फळ डिसेंबरात कसं,
असं कुणी विचारल्याचं ऐकलं नाही.

आता घाट कुणी चढत नाही.
गावातच खोली आहे, पंधरा अंश, मिट्ट काळोख.
आठ तास उजेड, सोळा तास आत.
सेइया बटण दाबतो, माझा मुलगा, तोच तो,
आणि दार लावताना पेट्यांकडे बघतसुद्धा नाही.
फळं येतात. जास्तच येतात.

रान सोडायच्या वर्षी जूनमध्ये गेलो होतो,
किल्ली द्यायला, फावडी आणायला.
बांधाच्या गवतात एक रोप राहून गेलेलं.
सगळा बर्फ त्याच्या अंगावरून गेलेला,
खालची पानं गंजलेल्या पत्र्यासारखी,
आणि मधे चार फुलं, पांढरी, लहानखुरी.
सासऱ्यांनी टोपी काढली.
"वेळेवर आलीस की गं," म्हणाले,
दारात आलेल्या लेकीला म्हणावं तसं.
मी फावडं घेऊन वाकले, तर म्हणाले,
राहू दे.

परतताना ट्रक रिकामा होता,
घाटभर नुसता खडखडत होता.